एआरटी केंद्रात जात नेमकी कुठे असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मी एमएसडब्ल्यू करून नागपुरातल्या एका एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरचे उपचार आणि गोळ्या देणारं सरकारी केंद्र) नुकतीच समुपदेशक म्हणून रुजू झाले. एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या एचआयव्ही सेवांमधला वंशभेद आणि तो कमी करण्याचे प्रयत्न यांवर बरंच बोललं गेलं. आपल्याकडे त्या जागी जात आहे, हे समजतं. पण केंद्रात कोणी कोणाला जात विचारताना दिसत नाही. मग ती शोधायची कुठे, आणि माझ्यासारख्या नव्या माणसाने करायचं काय? शिवाय रुग्णच माझं आडनाव विचारतात, त्याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर:

कोणी विचारत नाही हे खरं आहे, कारण विचारावं लागतच नाही. आधी नाव, मग आडनाव, मग "राहता कुठे?", आणि एवढ्याने भागलं नाही तर "मूळ गाव कोणतं?" नागपुरात बौद्ध वस्तीचं इंदोरा म्हटलं की ऐकणारा एक हिशोब करतो, उच्चभ्रू धरमपेठ म्हटलं की दुसरा. मेश्राम ऐकलं तर बौद्ध की गोंड एवढाच संशय उरतो, तोही पत्ता ऐकून फिटतो. केसपेपर काढणारा माणूस हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतो आणि आपण काही केलं असं त्याला वाटतही नाही. तो माणूस वाईट असतो असंही नाही. मी एआरटी केंद्रात बरीच वर्षं समुपदेशन केलं आणि नंतर नव्या समुपदेशकांना शिकवलं. या काळात तोंडावर जातीवरून बोललेलं मी क्वचितच ऐकलं. जात सापडते ती कामाच्या मांडणीत: तीन महिन्यांच्या गोळ्या कोणाला मिळतात, कोणाच्या फाइलवर कोणता शेरा पडतो, कोणाच्या घरी न विचारता जाता येतं, आणि वॉर्डातली घाण कोण उचलतं. म्हणून लोकांची मनं बदलायच्या मागे लागू नका. मांडणी बदलता येते, आणि त्यातला बराच भाग समुपदेशकाच्या हातात असतो.

अमेरिकेकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी मला दिसतात. तिथे कृष्णवर्णीय लोक लोकसंख्येच्या साधारण १२ ते १३ टक्के आहेत, आणि एचआयव्हीच्या नव्या निदानांत त्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास असतो. तिथली यंत्रणा आकडे वंशानुसार मांडते, म्हणून हे ठामपणे सांगता येतं. दुसरी गोष्ट टस्कीगीची. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता बघत ठेवला. मधल्या काळात पेनिसिलिन आलं, तरी त्यांना दिलं नाही. ते उघडकीला आल्यावर एक गोष्ट निदान बोलली जाऊ लागली: रुग्ण दवाखान्यावर विश्वास ठेवत नसेल, तर त्याला कारण असू शकतं. आपल्याकडे मात्र वस्तीतली बाई रक्त द्यायला कचरली की "अडाणी आहे" म्हणून विषय संपतो. तिच्या सासूने आणीबाणीतली नसबंदी पाहिलेली असेल, बाळंतपणात तिने स्वतः थप्पड खाल्लेली असेल. ते कोणी विचारत नाही.

आता आकड्यांचं. आपल्या उपचारपत्रिकेत वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, संसर्गाचा संभाव्य मार्ग अशी नोंद असते. जातीचा रकाना मी कधी पाहिलेला नाही. तो असावा असंही माझं मत नाही. ज्या कागदावर एचआयव्ही लिहिलं आहे त्याच कागदावर जातही लिहून ठेवली, तर तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याला दोन हत्यारं मिळतील. पण रकाना नसला तरी पाहता येतं. एक निवांत दुपार काढा. डेटा मॅनेजरकडून तारीख चुकवणाऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: वस्ती, काम, आणि केंद्रापर्यंत यायला किती गाड्या बदलाव्या लागतात. मग ज्यांना एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात त्यांची यादी घ्या आणि तेच करा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. माझा अनुभव असा की पहिल्या यादीत मजुरीसाठी ठिय्यावर उभे राहणारे, वीटभट्टीवर जाणारे, कचरा वेचणारे, चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया निघतात. दुसऱ्या यादीत पगारदार, दुकानदार आणि डॉक्टरांशी खुर्चीत बसून बोलणारे.

यात गंमत बघा. जास्तीच्या गोळ्यांचा निकष कागदावर स्वच्छ आहे: तब्येत स्थिर, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेला, गोळ्या नियमित. पण निकष लावतो माणूस. वस्तीतल्या रुग्णाच्या बाबतीत तो मनात आणखी दोन-तीन ओळी जोडतो: "यांच्या घरी गोळ्या राहतील का? नवरा पितो. एवढ्या दिल्या तर परत येणारच नाही." खरं तर केंद्रात यायला ज्याची दिवसाची रोजी बुडते, त्यालाच कमी फेऱ्यांची सर्वात जास्त गरज असते. त्याला दर महिन्याला बोलवायचं, एखाद्या महिन्यात तो चुकला की "अनियमित" म्हणायचं, आणि अनियमित म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या नाकारायच्या. हे चक्र तोडायला कोणतंही प्रशिक्षण लागत नाही. मेडिकल ऑफिसरसमोर यादी ठेवून एवढंच म्हणायचं, "सर, या पेशंटचे सगळे निकष पूर्ण होतात. द्यायच्या का?" तोंडी विचारलं तर टाळता येतं, यादी ठेवली की टाळणं अवघड जातं.

हे मी आग्रहाने सांगते, कारण औषधाची अडचण आता तशी उरलेली नाही. २००४ मध्ये सरकारी एआरटी सुरू झाली तेव्हा सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, एका पातळीखाली घसरेपर्यंत वाट बघावी लागे, गोळ्या जास्त, त्रासही जास्त. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार, हे धोरण आहे. डोलुटेग्रॅविर हे औषध असलेली टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एकत्र गोळी, आल्यापासून बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली राहिला तर लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही, हे आता पक्कं आहे. हे वाक्य प्रत्येक रुग्णाला सांगितलं गेलं पाहिजे. पण लक्ष ठेवा, ते कोणाला सांगितलं जातं. शिकलेल्याला समजावून सांगतात, आणि वस्तीतल्या माणसाला सांगत नाहीत, "मग हे लोक निरोध वापरणार नाहीत" म्हणून. म्हणजे आधी लोकांचा स्वभाव ठरवायचा आणि मग त्यानुसार विज्ञान वाटायचं!

फाइलवरच्या शेऱ्यांकडेही बघा. "पेशंट सहकार्य करत नाही" असं लिहिलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर त्या शेऱ्यातून माणूस बघतो. त्याऐवजी कारण लिहा: "सोमवारी ठिय्यावर काम मिळतं, गुरुवारी येऊ शकतो." एक बाई सारखी तारीख चुकवत असे. विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, मले गोयीचा कंटाळा नाही जी, पण मालकीणबाई सुट्टी देत नाही, अन् कायले जाते म्हून विचारते." हे वाक्य मी जसंच्या तसं फाइलवर लिहिलं. त्यानंतर तिला कोणी रागावलं नाही.

दया कोणावर करायची याचीही एक उतरंड आहे, आणि तीत जात मुरलेली आहे. २०२२ मध्ये रक्त चढवलेल्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचं नागपुरात उघड झालं, त्यातलं एक मूल गेलं. शहर हळहळलं, आणि ते योग्यच होतं. पण तेव्हा जो तो "निष्पाप मुलं" म्हणत होता. म्हणजे बाकीचे दोषी आहेत, हे ठरलेलंच. केंद्रातही हेच चालतं. चांगल्या घरातला, टापटीप कपड्यातला माणूस आला की "बिचारा, कुठून झालं असेल?" आणि झोपडपट्टीतला आला की कोणाला नवल वाटत नाही; "त्यांच्यात चालतंच." यावर मला सापडलेला उपाय कोरडा आहे, पण लागू पडतो. प्रश्नांची एक ठरलेली यादी ठेवा आणि ती प्रत्येकाला, त्याच क्रमाने, त्याच सुरात विचारा. दारूचं बँकेतल्या अधिकाऱ्यालाही विचारा. लग्नाबाहेरच्या संबंधांचं देवळातल्या पुजाऱ्यालाही विचारा. आणि "तुम्हा लोकांमध्ये" हे दोन शब्द तोंडात येऊ देऊ नका. तृतीयपंथी रुग्ण आला तर त्याला किंवा तिला कोणत्या नावाने हाक मारायची ते आधी विचारा, आणि नाव ओरडून पुकारण्याऐवजी सगळ्यांनाच टोकन द्या. टोकनाने आडनाव झाकलं जातं आणि बाकावर बसलेल्या ओळखीच्या माणसापासून रुग्णही वाचतो.

जात आणि एचआयव्ही यांची सरळ गाठ बघायची असेल, तर ओपीडी सोडून वॉर्डात जा. तिथे पॉझिटिव्ह रुग्णाची खाट कोपऱ्यात सरकवलेली असते, उशाशी लाल खूण, ऑपरेशनच्या यादीत नाव सगळ्यांत शेवटी. या साऱ्याला शास्त्राचा आधार नाही. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य धरून सगळ्यांशी सारखीच खबरदारी घ्यायची, हा जगभरचा नियम आहे. ज्याची तपासणीच झालेली नाही असा रुग्ण शेजारच्या खाटेवर असतो, खुणेने त्याच्यापासून काय संरक्षण होणार? खुणेने एकच घडतं: नर्स लांबून बोलते, डॉक्टर जखम बघत नाही, आणि मग कोणीतरी हाक मारतं, "ए, सफाईवाल्याला बोलाव." जो येतो तो बहुतेक वेळा कंत्राटी असतो, आणि नागपुरात तो कोणत्या समाजातून येतो हे सांगायला नको. ज्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या शहराने मैला उचलवून घेतला, तेच मेहतर-सुदर्शन समाजातले लोक, आणि सोबत इतर दलित जाती. ज्याला हात लावायला शिकलेले लोक घाबरतात, ते काम विनाहातमोजे त्याने करायचं.

सुईची जखम यालाही सहज होते, कारण उघडी, भलत्या पिशवीत टाकलेली सुई शेवटी त्याच्या हातात येते. पॉझिटिव्ह रक्ताच्या सुईने टोचलं तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बीची याहून पुष्कळ जास्त, लस न घेतलेल्या माणसाला काही परिस्थितींत ३० टक्क्यांपर्यंत. टोचल्यावर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, पुढे २८ दिवस घ्यायच्या. निवासी डॉक्टरला हे पाठ असतं. सफाई कामगाराला टोचलं तर तो जखम साबणाने धुतो, जमल्यास हळद लावतो आणि गप्प राहतो, कारण सांगितलं तर ठेकेदार कामावरून काढेल अशी त्याला भीती असते. तुमच्या रुग्णालयातल्या कंत्राटी सफाई कामगारांना हिपॅटायटिस बीच्या तिन्ही मात्रा मिळाल्या आहेत का, हा प्रश्न एकदा लेखी विचारा. उत्तर काय येतं त्यावरून तुमच्या संस्थेतल्या न्यायाबद्दल एखाद्या परिसंवादापेक्षा जास्त कळेल. (संवेदनशीलतेची प्रशिक्षणं मी बरीच घेतली आहेत. चहा-समोसा बरा असतो. पण तिथे सफाई कामगार समोसे वाटायला असतात, ऐकायला बसलेले नसतात.) तुम्हाला जमण्यासारखं एक आहे: त्यांच्या पाळीच्या वेळी, दुपारी दोनच्या सुमारास, त्यांच्याच बसायच्या जागी जाऊन अर्धा तास बोला. टोचल्यावर कोणत्या खिडकीवर, कोणाकडे, रात्री असेल तर कुठे, एवढंच सांगा. नाव आणि फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. बाकी भाषण नको.

नागपुराचं एक वेगळेपण ध्यानात घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेचं हे शहर आहे. उत्तर नागपुरातल्या बौद्ध रुग्णाला कोणी वेडंवाकडं बोललं तर तो संविधानाची भाषा बोलतो, चार माणसं घेऊन येतो. म्हणून कर्मचारी त्याच्याशी जपून वागतात. मग दडपण सरकतं ज्यांच्यामागे कोणी नाही त्यांच्याकडे: भटक्या जमातीतली बाई, गडचिरोलीहून आलेला माडिया आदिवासी मुलगा ज्याला धड मराठी येत नाही, गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीतली स्त्री. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना वस्तीची नाकेबंदी केली, तेव्हा कायदा-सुव्यवस्था आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांवर भरपूर चर्चा झाली. तिथल्या बायकांच्या गोळ्यांचं काय, यावर फारशी नाही. वस्ती उठली की बाई भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या गावात, धाब्यामागे विखुरते आणि आउटरीचच्या कार्यकर्तीला ती पुन्हा सापडेपर्यंत महिने जातात. अशा वेळी जुन्या केंद्राच्या ट्रान्सफरच्या कागदासाठी तिला अडवू नका. आधी गोळ्या, मग कागद.

घरभेटींबद्दल थोडक्यात. चांगल्या कॉलनीतल्या रुग्णाला आपण फोन करून विचारतो. वस्तीतल्या रुग्णाच्या दारात मात्र गळ्यात ओळखपत्र लटकवून उभे राहतो आणि शेजाऱ्याला पत्ताही विचारतो. भेट कुठे हवी, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारून लिहून ठेवा: चहाची टपरी, बसस्टॉप, बहिणीचं घर. योजनांचंही तसंच. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीग्रस्तांना महिना १५०० रुपये मिळू शकतात, एसटीत प्रवास सवलत आहे. पण त्यासाठी तहसीलच्या टेबलावर किंवा कंडक्टरसमोर दाखला उघडावा लागतो. गावात तलाठ्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. कोणती योजना घ्यायची आणि कोणती सोडायची हा निर्णय रुग्णाचा. धोका आधी सांगणं आपलं काम.

आता कायदा, कारण तुम्हाला तो वापरावा लागेल. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचार नाकारणं, वेगळं बसवणं, संमतीशिवाय तपासणी, निदान फोडणं, नोकरीवरून किंवा भाड्याच्या घरातून काढणं, या सगळ्याला त्यात मनाई आहे आणि खासगी दवाखानेही त्यात येतात. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. त्यावर राज्याचा लोकपाल आहे. त्याच्याकडे घटना कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते, आणि त्याने तीस दिवसांत, तातडीचा वैद्यकीय प्रश्न असेल तर चोवीस तासांत, आदेश द्यायचा असतो. न्यायालयात नाव बदलून दावा चालवण्याची सोय आहे, हे रुग्णाला आवर्जून सांगा. निम्मी भीती तिथेच कमी होते. जातीवरून अपमान झाला असेल तर त्याला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अडचण अशी की हे दोन कायदे दोन वेगळ्या दारांनी जातात. "तुझ्या जातीतच असले रोग" असं जिला ऐकवलं, तिने कोणत्या दारात जायचं? माझा सल्ला: अर्ज तुम्ही स्वतः बसून लिहून द्या, बोललेलं वाक्य शब्दशः उतरवा, तारीख-वेळ घाला, आणि आधी तक्रार अधिकाऱ्याकडे द्या. पोच घ्या. पोलिसात जायचं की नाही ते तिला दोन दिवस विचार करून ठरवू द्या. पोलीस स्टेशनात तिचं निदान कोणाकोणाच्या कानावर जाईल, याचाही त्यात विचार असतो.

शेवटी तुमच्या आडनावाचं. रुग्ण ते दोन अगदी वेगळ्या कारणांनी विचारतात. काहींना तुम्ही वरच्या की खालच्या, एवढंच बघायचं असतं. पॉझिटिव्ह असण्याने जात जात नाही. पॉझिटिव्ह महिलांच्या हळदीकुंकवात मी एकमेकींच्या डब्याला हात न लावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, एकाच गोळीवर जगणाऱ्या. अशा रुग्णाला नाव सांगा आणि काम सुरू करा. "दुसऱ्या मॅडम हव्यात" म्हणाला तर बदल करू नका. आज एका रुग्णासाठी केलं तर उद्या केंद्र जातीवर वाटलं जाईल.

पण पुष्कळ जणांना उलट भीती असते: समुपदेशक आपल्याच समाजातली निघाली तर? मग तिच्या नातलगांत आपली सोयरीक असेल, लग्नात भेट होईल, बातमी सासरी पोचेल. लहान जातीत हे अगदी खरं असतं. अशा माणसाने समुपदेशक बदलून मागितली तर लगेच द्या, कारण विचारत बसू नका. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? आडनाव सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघा आणि विचारा, "आपली कुठे ओळख निघते का?" ज्याला भीती आहे तो त्या प्रश्नावर बोलू लागतो.